रात्रपाळीचा रस्ता

मे महिन्याच्या सुट्टीत नागपूरहून भिलाईला गेलं की मामीची पहिली दटावणी ठरलेली असायची. "हळू रे! मामा नाईट करून आलेत." बाहेर ऊन रणरणत असायचं. खिडक्यांवर जुन्या चादरी, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, आणि सकाळी अकरा वाजता मुद्दाम केलेल्या त्या अंधारात मामा गाढ झोपलेले. आम्ही पोरं अंगणातल्या पेरूखाली पत्ते कुटायचो, पण पानं आपटायची नाहीत या अटीवर. शेजारच्या क्वार्टरमध्येही हेच. भर दुपारी त्या गल्लीत कुणी मोठ्यानं हाक मारत नसे. कुठल्या दाराआड या आठवड्यात कोण झोपलंय, याचा हिशोब बायकांना तोंडपाठ असायचा.

यंदा अंकाचा विषय रात्र. संपादक म्हणाले, एखाद्या शहरातला रात्री जागणारा रस्ता घ्या. मुंबईच्या मित्रानं पिला हाऊस आधीच पटकावलं होतं आणि इंदूरच्या बाईंनी सराफा. मी म्हटलं, भिलाई. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "तिथं रात्री काय असतं हो?"

"लोखंड," मी म्हटलं.

उत्तर चमकदार वाटलं म्हणून दिलं नव्हतं. ते खरंच तसं आहे. झोतभट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी, खालून तापलेल्या हवेचा झोत, आणि तळाशी साचणारा दीड हजार अंशांच्या आसपासचा रस ठरावीक वेळानं बाहेर काढत राहायचा. भट्टी थंडावली तर आतला रस गोठून तळाला असा गोळा बसतो की तो फोडून काढणं हे स्वतंत्र दुखणं होऊन बसतं. कोकच्या भट्ट्या तर त्याहून नाजूक, थंड पडल्या की आतल्या विटांना तडे जातात. म्हणून चोवीस तासांचे तीन तुकडे पाडायचे. सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा, दहा ते पुन्हा सहा. इतर शहरांत माणसं रात्री जागतात ती हौसेनं, भुकेनं नाहीतर धंद्यासाठी. भिलाईत रात्र आधी हजेरीपटावर चढली, मग रस्त्यावर आली.

आणि ती ज्या रस्त्यावर आली तो कारखान्याच्या नकाशात नव्हताच. मला सांगायचंय ते त्याबद्दलच.

आधी थोडा मागचा हिशोब. भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्या राज्याची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट आता नागपूरकरही विसरलेत. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरात बसून छत्तीसगडात पोलाद यावं म्हणून धडपडत होते. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भिलाई भोपाळच्या हाताखाली. त्याआधी शंभर वर्षं मागं गेलात तर हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. मामाचं कुटुंब काही त्या काळातलं नव्हे. मामा 1964 साली भरतीची जाहिरात वाचून गेले. पण दुर्गच्या आसपास तुम्हाला देशमुख भेटतात आणि मराठी माणूस खुशीत येऊन विचारतो, "कुठले देशमुख?" तेव्हा समोरचा ठेठ छत्तीसगढी बोलतो. आडनाव तेवढं उरलंय, भाषा केव्हाच बदलली.

4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. दहा लाख टनांचा कारखाना. खनिज दक्षिणेच्या दल्ली-राजहऱ्याहून, चुनखडी उत्तरेच्या नंदिनीहून, पाणी तांदुळ्याच्या कालव्यातून. 1960 साली रेल्वेचे रूळ लाटणारी मिल सुरू झाली. मामा आयुष्यभर त्याच मिलमध्ये होते. देशात कुठंही रेल्वे रूळ ओलांडताना त्यांची नजर आपसूक रुळाच्या कडेवर जायची. तिथं कारखान्याची उठावाची अक्षरं असतात. ती दिसली की ते काही बोलायचे नाहीत, फक्त चालायचा वेग किंचित कमी व्हायचा.

भिलाईचा भूगोल समजायला एक रेघ पुरते. मुंबई-हावडा लोहमार्ग पश्चिमेकडून येतो: दुर्ग, मग भिलाई नगर, मग भिलाई पॉवर हाऊस, आणि पुढे यार्डाचं भिलाई. या रुळांच्या दक्षिणेला टाऊनशिप आणि कारखाना. सेक्टर एक ते दहा, सरळ रस्ते, सेंट्रल अव्हेन्यू, फॉरेस्ट अव्हेन्यू, रांगेतली झाडं, प्रत्येक सेक्टरला शाळा, बाजार, दवाखाना. रशियन तज्ज्ञ, भारतीय अभियंते, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, बिहारी, मराठी लोक इथं नंबरांच्या घरांत राहायला आले. रुळांच्या उत्तरेला जी ई रोड, म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड, मुंबई-कोलकाता महामार्ग, आधी सहा नंबरचा आणि आता त्रेपन्न नंबरचा. त्याला लागून सुपेला, पॉवर हाऊस, कॅम्प एक, कॅम्प दोन, खुर्सीपार. कॅम्प हे नावच सांगतं. कारखाना बांधणाऱ्या मजुरांच्या त्या छावण्या. बांधकाम संपल्यावर त्या उठतील असं कुणीतरी कागदावर धरलं असणार. त्या उठल्या नाहीत. आज तिथं शहर आहे.

दक्षिणेच्या बाजूला संध्याकाळची सोय कारखान्यानं केलेली होती. सिव्हिक सेंटर म्हणजे टाऊनशिपचा चौक, मैदान आणि दिवाणखाना, सगळं एकातच. नेहरू आर्ट गॅलरी, महात्मा गांधी कला मंदिर, जवळच जयंती स्टेडियम. सेक्टर एकमध्ये नेहरू सांस्कृतिक सदन. मरोद्याला मैत्रीबाग. 1972 साली सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारलेली बाग आणि प्राणिसंग्रहालय, पुढे पांढऱ्या वाघांसाठी आणि संगीतावर नाचणाऱ्या कारंज्यासाठी नावाजलेलं. मामी नटूनथटून आम्हाला सिव्हिक सेंटरला न्यायची. लोक फिरायचे, आइस्क्रीम खायचे, एकमेकांच्या मुलांचे मार्क विचारायचे. कला मंदिरात कधी बंगाली नाटक, कधी भरतनाट्यम. आठ-साडेआठला पांगापांग. साडेनवाला टाऊनशिप सामसूम व्हायची. नियोजनकारांनी संध्याकाळ दिली होती, रात्र दिली नव्हती. त्यांच्या लेखी रात्री माणूस एकतर कामावर असतो नाहीतर झोपलेला.

सिव्हिक सेंटर आजही भरतं. मात्र मार्क विचारणाऱ्या आईबापांची जागा मार्क मिळवणाऱ्या पोरांनी घेतलीय. भिलाई ही आयआयटीच्या परीक्षेचं गाव म्हणून ओळखली जाऊ लागली आणि या चौकाभोवती, सेक्टर दहाच्या बाजारात, कोचिंग क्लासच्या पाट्या चढल्या. 2016 मध्ये तर खुद्द भिलाईच्याच नावानं आयआयटी सुरू झाली. रात्री नऊला क्लास सुटतो तेव्हा पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं गाड्यांवर तुटून पडतात. एका अर्थानं ही सुद्धा शिफ्ट सुटणंच.

पण खरी रात्र पाहायची तर फाटक ओलांडायला हवं.

सुपेल्याचं फाटक म्हणजे आमच्या लहानपणीची सीमारेषा. हावड्याच्या मार्गावर गाड्यांना खंड नाही, त्यात खनिजाच्या, कोळशाच्या आणि रुळांच्या मालगाड्या. फाटक पडलं की पडलंच. आता तिथं रुळांखालून रस्ता झालाय, जी ई रोडवर उड्डाणपूल उभे राहिलेत, आणि लोक आपण कुठली रेघ ओलांडतोय हे न कळता इकडून तिकडं जातात. तेव्हा कळायचं. मामा दोन ते दहाची पाळी, म्हणजे 'सेकंड', करून सुटले की कधीतरी आम्हाला सायकलच्या नळीवर आणि कॅरिअरवर बसवून फाटकापलीकडं न्यायचे. मामीला सांगायचं नाही, हा करार. फाटकापाशी दीड-दोनशे सायकली थांबलेल्या असायच्या. इंजिनाचा झोत आला की त्या सगळ्यांच्या घामेजल्या चेहऱ्यांवरून उजेड सरकत जायचा. आणि मागं, आग्नेयेला, कारखान्यात लोखंडाच्या मळीचा रस ओतला की आभाळ खालून तांबूस व्हायचं, दोन-तीन मिनिटं टिकायचं आणि विझायचं. कुणी वळून बघत नसे. आम्हीच तेवढे.

फाटकापलीकडं सगळं वेगळं. दिवे वेगळे: टाऊनशिपमध्ये खांबांवरचे, इथं पेट्रोमॅक्स आणि नागडे बल्ब. आवाज वेगळे. रविवारी सुपेल्याचा आठवडी बाजार रस्त्यावर सांडायचा, अजूनही सांडतो. त्यात भांडी, जुने कपडे, कोंबड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, भाजी आणि दातांची पावडर शेजारी शेजारी. पुढं पॉवर हाऊसला जवाहर मार्केट, त्याच्या पोटात सर्क्युलर मार्केट. गोल बाजार म्हणावं तर तो काही धड गोलही नाही, आत शिरलेला माणूस हमखास दुसऱ्याच गल्लीतून बाहेर पडतो. पॉवर हाऊसहून उत्तरेला फुटतो तो नंदिनी रोड. छावणी, औद्योगिक वसाहत, जामूलचा सिमेंट कारखाना आणि चुनखडीच्या खाणींकडं जाणारा. ट्रकवाले, क्लीनर, वेल्डर, कॅम्पातले ठेकेदारी मजूर, स्टेशनवर उतरलेले प्रवासी आणि पाळी संपवून आलेले कारखान्याचे पक्के नोकर, सगळे या एका तुकड्यावर यायचे. सुपेल्यापासून पॉवर हाऊसपर्यंतचा जी ई रोड. संपादकांना हवा असलेला रस्ता कुठला असेल तर हाच.

तिथं काय मिळायचं? आधी पोटाचं. बटाटेवड्याला इकडं 'आलू गुंडा' म्हणतात. हे नाव मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून आजतागायत आवडतं. वडा म्हटल्यावर जे साजूकपण येतं ते त्यात नाही. पाणीपुरी म्हणजे 'गुपचुप'. मिरचीची भजी, समोसा, चना चटपटी. केळीच्या पानावर इडली देणारा तेलुगू गाडीवाला, पंजाबी ढाब्यावरची तंदूर, बंगाल्याचा एगरोल. टाऊनशिपमध्ये हे सगळे लोक आपापल्या देवळांभोवती आणि समाजांभोवती राहायचे. एकमेकांच्या हातचं खायला ते यायचे इथं. भिलाईला 'मिनी इंडिया' म्हणायची पद्धत आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये फेटे आणि मुंडू घालून पोरं ती सिद्धही करतात. मला मात्र तो शब्द खरा वाटला तो रात्री साडेदहाला, तव्याभोवती उभ्या असलेल्या आणि खाकी कपड्यांना मशीनच्या तेलाचा एकच वास मारणाऱ्या माणसांमुळं.

मग टॉकीज. पॉवर हाऊसचं बसंत, सुपेल्याचं वेंकटेश्वर, आणि जोडीनं उभी असलेली चंद्रा आणि मौर्या. ज्याला इतरत्र 'लास्ट शो' म्हणतात त्याचं गणित इथं पाळीशी जुळायचं. सेकंड सुटलेला माणूस आंघोळ न करता थेट शोला बसू शकायचा. मामांनी मध्यंतरानंतरचे सिनेमे अनेक पाहिले, सुरुवात ठाऊक नसलेले. "गोष्ट काय, शेवटी कळतेच," असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या काळात इथंच छत्तीसगढी सिनेमाचे बोर्ड लागले. मनू नायक यांचा 'कहि देबे संदेस' 1965 चा, पण लाट आली ती 2000 च्या ऑक्टोबरात, 'मोर छइंहा भुंइया'मुळं. वेगळं राज्य व्हायला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. आपल्या बोलीतला नायक पडद्यावर बघायला खेड्यांतून ट्रॅक्टर भरून लोक येत होते.

इथं थोडं थांबावंसं वाटतं, कारण रात्रीची करमणूक ही काही कारखान्यानं छत्तीसगडात आणलेली वस्तू नव्हे. कारखान्याला ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांत रात्रभर नाचा चालायचा. मराठी वाचकाला नाचा समजावून सांगायला फार कष्ट नकोत. आपला सोंगाड्या तो तिथला जोक्कड, स्त्रीवेष घेतलेला नाच्या ती तिथली परी, रात्र चढेल तसा विनोद चढणार आणि पहाटे कोंबडा आरवला की खेळ संपणार. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि देसाईगंज-वडशाच्या नाटक कंपन्या रात्री गाजवतात, तसंच गोंदिया ओलांडून पलीकडं गेलं की मड़ई आणि नाचा. राज्याची हद्द मधून जाते, रात्रीच्या खेळाची मात्र जात नाही. राजनांदगावात अनंत चतुर्दशीला गणपतीच्या झांक्या रात्रभर निघतात, ती रात्र बघायला दुर्ग-भिलाईहून लोक जातात. याच राजनांदगावात दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून मुक्तिबोध शिकवत होते. घरी मराठी बोलणारा, हिंदीत लिहिणारा आणि रात्री जागणारा कवी. भिलाईची भट्टी पेटली तेव्हा ते चाळीसेक किलोमीटरवर कंदिलापाशी बसलेले होते, हे मला उगीचच महत्त्वाचं वाटतं.

1971 साली दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुखांनी 'चंदैनी गोंदा' उभा केला. हे तेच छत्तीसगढी देशमुख. साठेक कलावंत, लक्ष्मण मस्तुरियांची गाणी, खुमानलाल सावांचं संगीत, आणि शेतकऱ्याच्या आयुष्याची गोष्ट, रात्रभर. नाच्यातला सवंगपणा त्यांना खटकत होता म्हणून त्यांनी तो गाळला, असं त्यांचे चाहते सांगतात. मला वाटतं, थोडाच गाळला असता तरी चाललं असतं. पण गर्दी अशी व्हायची की बैलगाड्यांची रांग दिसेनाशी व्हावी आणि गाणी पुढं रेडिओवरून घराघरांत पोचली.

आणि 1974 साली खुद्द भिलाईत हबीब तनवीर नाटकाचं शिबिर घ्यायला आले. विजयदान देथांची एक राजस्थानी लोककथा त्यांच्या डोक्यात होती: एका चोरानं गुरूला वचन दिलंय की खोटं बोलणार नाही, आणि त्या वचनापायी तो शेवटी जीव देतो. नाच्यातले कलावंत, सतनामी समाजाचं पंथी नृत्य, आणि उघड्यावर बसलेले सतनामी प्रेक्षक, ज्यांच्या पंथात सत्य हाच देव. अशा जागी या नाटकाचं पहिलं, तासाभराहूनही छोटं रूप सादर झालं. तेव्हा त्याचं नाव 'चोर चोर'. पुढं ते 'चरनदास चोर' झालं, 1975 मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावर सिनेमा केला, आपली स्मिता पाटील त्यात पडद्यावर आली आणि 1982 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात नाटकाला पारितोषिक मिळालं. भारतीय रंगभूमीच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट. तिची सुरुवात दिल्लीत किंवा पुण्यात न होता पोलादाच्या गावी झाली, याचं मला नवल वाटत नाही. तिथं कलावंत होते आणि रात्री बसून बघायची सवय असलेले प्रेक्षकही होते.

कारखान्यानं याची दखल घेतली, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई उभ्यानं, हातात तंबुरा घेऊन पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा, गायच्या. बाईनं बसूनच गायचं, हा दंडक त्यांनी मोडला आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. त्यांना कारखान्यानं नोकरीत घेतलं. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मामा सांगायचे की त्यांच्या कार्यक्रमाच्या रात्री नाईटची बदली मागणाऱ्यांची रांग लागायची. भीम दुःशासनाला पाडत असताना ज्याला भट्टीवर जावं लागे तो आठवडाभर कुरकुरत राही.

आता दारूचं. नाईटलाइफ म्हटलं की वाचक त्याचीच वाट बघत असणार. होती, अर्थात होती. खेड्यांत मोहाची, रस्त्यावर देशी, आणि क्लबात ज्यांना परवडेल त्यांना विलायती. पगाराच्या दिवशी पॉवर हाऊस आणि छावणीच्या भट्ट्यांबाहेर बायका उभ्या राहायच्या, नवरा आत जायच्या आधी पाकीट हातात यावं म्हणून. 2017 पासून छत्तीसगडात दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. जाळीच्या खिडकीबाहेर रांग. बायका आजही थोड्या अंतरावर उभ्या असतात.

या दारूविरुद्ध सगळ्यात मोठी चळवळ उभी केली ती शंकर गुहा नियोगींनी. बंगालमधून आलेला हा माणूस साठच्या दशकात भिलाईच्याच कोक ओव्हनमध्ये कामगार होता, तिथून त्याला काढलं गेलं. 1977 मध्ये दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांत त्यानं संघटना बांधली. पगारवाढ मिळाली आणि ती गुत्त्यात जाऊ लागली हे दिसल्यावर दारूबंदीची मोहीम काढली. मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून 1983 मध्ये शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. 1990 मध्ये नियोगी पुन्हा भिलाईत आले ते औद्योगिक वसाहतीतल्या ठेकेदारी मजुरांसाठी, म्हणजे फाटकापलीकडच्या माणसांसाठी. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटेआधी, हुडको वसाहतीतल्या घरात ते झोपलेले असताना, खिडकीतून त्यांना गोळी घातली गेली. खटला 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला: गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप, कटाचा आरोप असलेले उद्योजक निर्दोष.

त्यांच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, 1 जुलै 1992 ला, मजूर आणि त्यांच्या बायका-मुलांनी पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर ठाण मांडलं. त्याच रुळांवर, त्याच रेघेवर. पोलिसांनी गोळीबार केला. पंधरांहून अधिक मजूर मेले, एक पोलिसही मेला. मामा त्या दिवशी 'फर्स्ट' करून घरी आलेले होते. संध्याकाळी फाटकापलीकडून कुणी आलं नाही आणि इकडून कुणी गेलं नाही, एवढंच त्यांनी मला सांगितलं. पक्क्या नोकरांच्या संघटनांपैकी कोण काय बोललं, असं मी विचारलं तेव्हा ते पेरूची पानं झाडत बसले.

दरवर्षी 1 जुलैला त्या ठिकाणी लाल-हिरवे झेंडे घेऊन लोक जमतात. पॉवर हाऊसच्या रस्त्यावरची स्मारकं मोजायची तर मी ही जागा आधी मोजीन.

तर तो रस्ता आज कसा आहे? दोन गोष्टी एकदम झाल्यात आणि त्या उलट्या दिशेच्या आहेत. कारखान्याची क्षमता वाढत गेली. दहा लाखांवरून पंचवीस, मग चाळीस लाख टन, आणि 2018 मध्ये महामाया नावाची आठवी, प्रचंड झोतभट्टी पेटली. माणसं मात्र आटली. ऐंशीच्या दशकात खाणी धरून साठ हजारांच्या वर पक्के नोकर होते, आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नाहीत. बाकीचं काम ठेकेदाराकडून. रुळाचा अखंड तुकडा आता 130 मीटर लांबीचा निघतो आणि जोडून 260 मीटरचा गाडीवर चढतो. तो लाटायला लागणारे हात पूर्वीपेक्षा कमी. रात्री दहाला मुर्गा चौकात मी उभा राहिलो. मेन गेटकडून येणाऱ्या सायकलींचा पूर आठवत होतो. अर्ध्या तासात मोटारसायकली गेल्या, काही स्कूटर, हेल्मेटवर ठेकेदाराचं नाव रंगवलेली पोरं, आणि सायकली मी मोजल्या: सव्वीस. सायकलवरचा बहुतेक जण ठेकेदारीतला. चाळीस वर्षांपूर्वी सायकल पक्क्या नोकराची होती.

अपघाताच्या रात्री ही वस्ती अजून एकत्र येते. जून 2014 मध्ये वायुगळतीत सहा जण गेले, त्यात अधिकारीही होते. ऑक्टोबर 2018 मध्ये कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीला आग लागली, दहाहून अधिक. अशा वेळी सेक्टर नऊच्या मोठ्या हॉस्पिटलबाहेर आणि जवळच्या हनुमान मंदिराशी जी गर्दी उभी राहते तिच्यात पक्का-कच्चा असा भेद निदान तेवढ्या रात्रीपुरता दिसत नाही, असं तिथल्या एका परिचारिकेनं मला सांगितलं.

करमणूक पश्चिमेकडं सरकलीय. नेहरू नगर, जुनवानीचा रस्ता, मॉलमधले पडदे, छतावरचे कॅफे, ज्यांत वाफाळत्या कॉफीचे दोनशे रुपये घेतात. आकाशगंगा बाजारातल्या दुकानांसमोर मध्यरात्रीपर्यंत गाड्या उभ्या. 2023 मध्ये 'महादेव' नावाच्या सट्ट्याच्या ॲपच्या चौकशीत भिलाईचं नाव देशभर गाजलं तेव्हा मला मामांची आठवण झाली. रात्री जागून काम करणारी पोरं या गावात नेहमीच स्वस्तात मिळत आली, इतकंच. उड्डाणपुलांनी जी ई रोडचा ट्रक-वाहतुकीचा गोंगाट डोक्यावर नेला आणि पुलाखाली सावलीत नवीच बाजारपेठ जमली. मोमो, चायनीज, मोबाईलचे कव्हर. जुन्या टॉकीजांचा दरारा गेला. आलू गुंडा मात्र आहे.

मामा आता सेक्टरात राहत नाहीत. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, आणि त्यांनी घर बांधलं ते फाटकापलीकडं, सुपेल्याच्या मागं. तिकडच्या अर्ध्या गल्लीत जुने भिलाईकर नोकर आहेत. वय ऐंशीच्या पुढं. रात्री अडीच-तीनला उठून व्हरांड्यात बसतात. मामी म्हणते, सवय. "तुझ्या मामाची नाईट अजून सुटली नाही," ती मला म्हणाली. मी गेलो त्या रात्रीही ते बसले होते. आभाळाकडं बोट करून म्हणाले, "आता पूर्वीसारखं लाल होत नाही. मळीवर पाणी मारून तिचे दाणे करतात, ते सिमेंटला जातात." त्यात हळहळ नव्हती. तांत्रिक माहिती होती.

पहाटे साडेपाचची गाडी होती, पॉवर हाऊसहून. स्टेशनबाहेर एका गाडीवर मोठ्या परातीत पोहे, शेजारी कढईत जिलबी, आणि किटलीतून वाफ. सहाच्या पाळीला जाणारे आणि थोड्या वेळानं सुटून येणारे, दोघंही याच गाडीवर थांबतात. गाडीवाला प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, "जा रहे, के आ रहे?" जाणाऱ्याला आधी चहा, कारण त्याला घाई असते. येणाऱ्याला आधी पोहे, कारण चहानं त्याची झोप उडेल.

माझा नंबर आला. "जा रहे, के आ रहे?"

मी जरा घुटमळलो. त्यानं माझ्या खांद्यावरची बॅग पाहिली, किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "अच्छा, बाहर के हो," आणि दोन्ही एकदम समोर ठेवलं.